काशीचे वय

काशी शंकराच्या त्रिशूळावर वसली असून प्रलयातही तिचा नाश होत नाही, असे परंपरा मानते. पुरातत्त्व मात्र राजघाटच्या टेकाडातील अगदी तळाच्या थराकडे बोट दाखवून तेथील वस्तीचा प्रारंभ इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारास झाला, असे सांगते. आकडा ऐकताच श्रद्धाळू दुखावतो आणि बुद्धिवाद्याला विजय मिळाल्यासारखे वाटते. वास्तविक दोघांचीही घाई होते.

१९४० साली रेल्वेच्या कामासाठी राजघाटला खोदकाम झाले, तेव्हा प्राचीन अवशेष उघडकीस आले. पुढे १९५७ पासून बनारस हिंदू विद्यापीठाच्या वतीने प्रा. अ. कि. नारायण यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. राजघाटला सापडलेल्या गुप्तकालीन मुद्रांवर ‘अविमुक्तेश्वर’ हे नाव आहे. शिवाने कधीही न सोडलेले क्षेत्र म्हणजे अविमुक्त. म्हणजेच पुराणांनी गौरविलेले हे दैवत दीड हजार वर्षांपूर्वी तेथे पूजिले जात होते, याची ग्वाही त्याच मातीने दिली. परंपरेला खोटे पाडणे हाच कुदळीचा धर्म नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

शिवाय कुदळीलाही मर्यादा असतात. मणिकर्णिका आणि विश्वनाथ यांच्या परिसरात आजही दाट वस्ती आहे. जित्या नगराचा तळ सहजासहजी खणता येत नाही. सारनाथजवळच्या अकथा येथील अलीकडच्या उत्खननात राजघाटहून जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. सारांश, पुरातत्त्वाचा निर्णय नव्या पुराव्यानिशी बदलतो, आणि यातच त्याचे सामर्थ्य आहे.

पण म्हणून पुराणातील काळगणनेला उत्खननाचा शिक्का मिळवून देण्याचा अट्टाहासही योग्य नव्हे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारले, हे प्रत्येक मराठी यात्रेकरू जाणतो. म्हणून त्याचा भक्तिभाव उणावत नाही. पावित्र्य दगडाच्या वयावर अवलंबून नसेल, तर ते वय फुगवून सांगण्याची गरज काय? आणि वय मोजणाऱ्या संशोधकाला धर्मद्रोही का ठरवावे?

शाळेच्या वर्गात या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. परंतु त्रिशूळाची कथा कथा म्हणून आणि राजघाटचा थर पुरावा म्हणून. हा विवेक विद्यार्थिदशेत बाणला नाही, तर उद्या इतिहासाचे निर्णय पुराव्याने न होता गर्दीच्या आवाजाने होतील.