जुनी पिकअप कधी द्यावी?

लासलगावच्या कांदा बाजारात, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा मालवणच्या धक्क्यावर मासळी भरायला उभ्या असलेल्या पिकअप पाहिल्या, तर त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचे वय दहा वर्षांच्या पुढे गेलेले दिसते. इंजिन एकदा उघडून झालेले असते, क्लच प्लेट कितव्यांदा बदलली याचा हिशोब सुटलेला असतो, हौद्याचा पत्रा जागोजागी नवा असतो. मालकाच्या मनात मात्र एकच गणित चालू असते: यंदा दुरुस्तीला किती गेले आणि नवी घेतली तर हप्ता किती बसेल. जोवर पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान, तोवर गाडी ठेवायची. हे गणित चुकीच्या जागी मांडलेले आहे, असे मला वाटते. जुनी पिकअप कधी द्यावी याचे उत्तर दुरुस्तीच्या बिलात सापडत नाही. ते गाडीखाली, चेसिसवर असते, आणि ते वाचायचे तर आधी या गाडीची दुरुस्ती इतकी वर्षे का जमत आली हे समजून घ्यावे लागते.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. महिंद्राने स्वातंत्र्यानंतर विलीस जीप जोडायला सुरुवात केली, 1980 च्या दशकात प्यूजोच्या परवान्याने डिझेल इंजिने बनवली, 1993 मध्ये आर्माडा आणली आणि 2000 मध्ये बोलेरो. याच घराण्यात पुढे बोलेरो पिकअप आली. दुसऱ्या बाजूला टाटांनी 1986 मध्ये 407 आणली होती, आणि 2005 मध्ये आलेल्या एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. पण गाव ते बाजार समिती या पट्ट्यात, कच्च्या रस्त्यावर आणि घाटात, तेरा किंवा सतरा क्विंटल माल अधिकृतपणे नेणाऱ्या पिकअपने जी जागा धरली ती तिच्या साध्या बांधणीमुळे. शिडीच्या आकाराची चेसिस, तिच्यावर वेगळी केबिन, वेगळा हौदा आणि मागे पाटे. मोनोकॉक मोटारीत सांगाडा आणि शरीर एकच असते. इथे प्रत्येक भाग बोल्टने सुटा होतो. खेड्यातल्या गॅरेजवाल्याला हे पुरेसे होते.

यातले पाटे नीट पाहण्यासारखे आहेत, कारण पिकअपचे सगळे बळ आणि पुढची सगळी अडचण तिथेच सुरू होते. लांबीने उतरत जाणाऱ्या पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून मधून सेंटर बोल्टने बांधलेल्या असतात. सगळ्यांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले गोल डोळे, आणि त्यांत बुश. एक टोक चेसिसच्या ब्रॅकेटला पक्के, दुसरे शॅकलला, कारण भार पडला की कमान सपाट होते आणि पाटा लांबतो. त्या वाढलेल्या लांबीला सरकायला जागा हवी. यू-बोल्टने हा जुडगा मागच्या अ‍ॅक्सलला आवळलेला असतो. त्यामुळे पाटा एकाच वेळी तीन कामे करतो: भार झेलतो, अ‍ॅक्सल जागेवर धरतो, आणि गाडी निघताना किंवा ब्रेक लागताना चाकाकडून येणारा जोर चेसिसपर्यंत पोहोचवतो. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्या घर्षणाने हिसका थोडा विझतो. कॉइल स्प्रिंग वापरली असती तर अ‍ॅक्सल धरायला वेगळे दांडे, वेगळे जोड, वेगळी बुशे लागली असती. टांग्यांच्या काळापासून चालत आलेली ही युक्ती मालवाहू गाडीत आजही टिकून आहे, ती तिच्या या कामसूपणामुळे.

आणि पाटा बिघडला तर सांगून बिघडतो. गाडी एका बाजूला बसलेली दिसते. यू-बोल्ट ढिला राहिला तर सेंटर बोल्ट कापला जातो, अ‍ॅक्सल मागे सरकतो, आणि मागून येणाऱ्याला गाडी खेकड्यासारखी तिरकी चालताना दिसते. एक पट्टी तुटली तर तेवढीच बदलता येते. कमान बसली तर पाटे उघडून पुन्हा कमान देता येते. नुसते थंड ठोकून दिलेली कमान लवकर बसते, नीट तापवून, पाणी देऊन, पुन्हा मऊ केलेली टिकते. हे काम लोहारकामाच्या परंपरेतले आहे आणि त्याला कंपनीची परवानगी लागत नाही. जी गोष्ट डोळ्याला दिसते, पान्याने सुटते आणि भट्टीत सुधारते, ती दुरुस्त करण्याचा अधिकार आपोआप गावाकडे राहतो. पिकअपबद्दल मालकांना जी माया वाटते तिच्यामागे हे कारण आहे, आणि ती माया मला पूर्ण योग्य वाटते.

मात्र याच सोयीतून एक वाईट सवय लागली. अधिकृत क्षमता तेरा क्विंटलची, आणि माल वीसच्या पुढे. पाटे बसू लागले की जादा पाटा टाकायचा. गाडी मागून उंच दिसू लागते, भरल्यावरही बसत नाही, आणि मालकाला वाटते की क्षमता वाढली. क्षमता वाढलेली नसते. पाटे कडक झाले म्हणून रस्त्याचा जो हिसका आधी पट्ट्या वाकून पचवत होत्या, तो आता जसाच्या तसा ब्रॅकेटमधून चेसिसच्या लांब दांड्यांत जातो. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळे तेरा क्विंटलच्या हिशोबाचेच राहिलेले असतात. ज्या भागाची दुरुस्ती सोपी त्याला मजबूत करून आपण झीज अशा भागाकडे ढकलतो ज्याची दुरुस्ती खरे तर होत नाही. कोकणात मासळीच्या बर्फाचे खारट पाणी हौद्यातून गळून याच दांड्यांवर पडते, म्हणजे तिथे गंजाचीही भर.

चेसिसला तडा बहुधा ब्रॅकेटच्या आसपास किंवा केबिनच्या मागे, जिथे हौद्याचा भार सुरू होतो तिथे जातो. वेल्डिंग करून पट्टी मारली की तो दिसेनासा होतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा गुण बदलतो, आणि पट्टीमुळे तेवढाच भाग ताठ होऊन ताण पट्टीच्या काठावर गोळा होतो. पुढचा तडा तिथून निघतो. चेसिस वाकू लागल्याची खूण ओळखायला मशीन लागत नाही. गाडी रिकामी असताना केबिन आणि हौदा यांच्यातली फट पाहावी आणि भरल्यावर पुन्हा पाहावी. फट वर आवळली आणि खाली उघडली, किंवा भरलेल्या गाडीचे दार नीट लागेनासे झाले, किंवा अलाइनमेंट करूनही टायर एकाच कडेने खाल्ले जात असतील, तर दोष बोल्टच्या पलीकडे गेला आहे. माझ्या मते गाडी देण्याची वेळ हीच. त्याआधी इंजिन उघडावे लागले तरी देऊ नये, आणि त्यानंतर इंजिन कितीही गोड चालत असले तरी ठेवू नये.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल, आणि तो हलका नाही. आठ लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे 17 हजार हप्ता बसतो, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या वर. जुन्या गाडीवर वर्षाला साठ-सत्तर हजार दुरुस्तीला गेले असे धरले, तरी ठेवणे स्वस्तच दिसते. इथपर्यंत मालकाचे म्हणणे बरोबर आहे, आणि चेसिस धड असेपर्यंत मी त्याच्याच बाजूने आहे. पण बिलात एक रक्कम कधीच लिहिली जात नाही: टोमॅटो लिलाव उलगल्यावर पोहोचला त्या दिवशीची. बोल्टचे दोष बहुधा आधी आवाज करतात, त्यांचे काम भाडे नसलेल्या दिवशी उरकता येते. चेसिस भरल्या गाडीखाली, खड्ड्यात किंवा वळणावर दगा देते. तिथे प्रश्न फक्त मालाचा उरत नाही. हौद्यात आणि केबिनमध्ये माणसेही असतात. हे नुकसान हप्त्याशी तोलायचे नसते.

दुसरा आक्षेप धोरणाच्या बाजूने येतो: पंधरा वर्षांची गाडी धूर ओकते, ती मुळात काढायलाच हवी. बीएस-6 चे नियम देशभर 1 एप्रिल 2020 पासून आले. प्रवासी डिझेल गाडीच्या धुरातील कणांची मर्यादा बीएस-4 मध्ये किलोमीटरला 25 मिलिग्रॅम होती, ती 4.5 झाली, आणि डिझेलमधले गंधक 50 वरून 10 पीपीएमवर आले. हा फरक फुप्फुसांना कळतो, म्हणून या आक्षेपाला मी मान देतो. परंतु एक्स्चेंज म्हणजे गाडी मोडणे नव्हे. शोरूमला दिलेली जुनी पिकअप दलालामार्फत दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या राज्यात जाते आणि तोच धूर तिकडे सोडते, बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त भार घेऊन. मोडीचा मार्ग वेगळा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडली की ठेव प्रमाणपत्र मिळते. मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के धरली आहे, आणि व्यावसायिक गाडीला रस्ता करात 15 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. अडचण अशी की चालती पिकअप बाजारात यापेक्षा बरीच जास्त किंमत आणते. म्हणून चेसिस गेलेली गाडीसुद्धा रंग मारून विकली जाते. जिची चेसिस गेली ती मोडीत जावी आणि जिची धड आहे ती चालावी, असे सरकारला खरोखर वाटत असेल तर वयापेक्षा चेसिसची तपासणी कडक हवी. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांपुढच्या मालवाहू गाड्यांचे फिटनेस शुल्क कितीतरी पटींनी वाढवले गेले. त्याने पासिंग महाग झाले, पण महागडी पावती तडा दाखवत नाही.

नवी गाडी घ्यायला आता करही कमी आहे. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला. साडेसात लाख मूळ किमतीवर पाऊण लाख वाचतात. मात्र नव्या गाडीबरोबर दुरुस्तीचा अधिकार येत नाही, आणि याची मला खरी काळजी वाटते. कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब आणि वेळ संगणक ठरवतो. धुरातले कण गाळणारा फिल्टर साफ व्हायला त्यात सुमारे 600 अंश तापमान यावे लागते, त्यासाठी गाडी सलग आणि बऱ्या वेगात चालावी लागते. वाडीपासून बाजारापर्यंत आठ किलोमीटर, तिथे दोन तास उभी, पुन्हा आठ किलोमीटर अशा फेऱ्यांत तो तुंबतो. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन जोर कमी करते, आणि तो दिवा विझवायला स्कॅनर व कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. गावचे मेकॅनिक शिकत नाहीत असे मुळीच नाही. कॉमन रेलची नोझल तपासणारी दुकाने आज तालुक्यांत आहेत. त्यांना अडते ती माहिती. स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 वाहन कंपन्यांना सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजला मिळू न दिल्याबद्दल अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहने आहेत. पोर्टलवर ग्राहक सेवेचे क्रमांक मिळतात. तालुक्याच्या मेकॅनिकला हवे आहेत दोष-संकेतांचे अर्थ आणि ते पुसण्याची परवानगी.

इतके करून गाडी द्यायची ठरली, तर शोरूममध्ये दुसरा धक्का बसतो. वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीला तिथे किंमत नसते. मॉडेलचे साल, पासिंग किती बाकी, विमा, टायर, कर्जाचा बोजा उतरला की नाही, एवढ्यावर आकडा ठरतो. नवे पिस्टन-लायनर टाकलेले इंजिन आणि दमलेले इंजिन यांच्यात जेमतेम फरक धरतात. म्हणून देण्याआधीच्या सहा महिन्यांत मोठे काम काढणे म्हणजे ते पैसे पुढच्या मालकाला देऊन टाकणे. एक्स्चेंज बोनसही सुटा पाहावा: जुन्याची किंमत कमी धरून तोच फरक बोनस म्हणून परत दिला जात नाही ना, हे बाहेरच्या दोन दलालांकडून भाव काढल्याशिवाय कळत नाही.

शेवटची अडचण कागदाची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या करून चावी दिली की व्यवहार संपला, असे समजतात. कायद्यात गाडीचा मालक तोच, ज्याच्या नावावर ती नोंदलेली आहे. गाडी एकापाठोपाठ अनेकांच्या हाती गेली आणि नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली, अशा एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. विमा संपलेली, तडा गेलेली पिकअप दुसऱ्या जिल्ह्यात कुणाच्या तरी अंगावर गेली, तर नोटीस चेसिस क्रमांक ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी येते. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी यातून वाट काढली आहे: अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरला की नाव बदलेपर्यंत तो विक्रेता मालक मानला जातो. तो विक्रेता अधिकृत आहे की नाही हे चावी देण्यापूर्वी विचारावे, 29सीची पोच हातात घ्यावी, आणि कर्ज फिटलेले असले तरी फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यावा. गाडी मोडीत दिली असेल तर केंद्रात चेसिस क्रमांकाचा तुकडा कापून ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतात आणि मोडल्याचे प्रमाणपत्र देतात. ते आरटीओत दाखवून नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी.