विम्याचा हप्ता आणि गरिबीचा भुर्दंड

समुद्रावर एका जहाजाच्या चुकीने दुसरे बुडाले, तर भरपाई कशाची मागावी? केवळ बुडालेल्या जहाजाची, की त्याच्या जागी दुसरे कामाला लागेपर्यंतच्या प्रत्येक खर्चाची?

२६ नोव्हेंबर १९२८ रोजी ग्रीसमधील पत्रास बंदराजवळ ‘एडिसन’ या बोटीत ‘लीसबॉश’ या गाळ उपसणाऱ्या जहाजाचे दोर अडकले. ‘एडिसन’ने त्याला खुल्या समुद्रात ओढत नेले आणि तेथे ते बुडाले. १९३३ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने निवाडा दिला. बाजारभावाने किंमत, तसेच जहाज पत्रासपर्यंत आणण्याचा वाहतूकखर्च, विमा आणि मधल्या खोळंब्याचे नुकसान, हे सारे दोषी पक्षाने द्यावे. विम्याचा हप्ता ही चैन नव्हे, तो पर्यायी साधनाच्या किमतीचाच अंश होय, हे अर्थशास्त्रालाही मान्य आहे.

परंतु ‘लीसबॉश’च्या मालकांपाशी दुसरे जहाज घेण्याइतके भांडवल नव्हते. त्यांना महागड्या भाड्याने जहाज आणावे लागले. तो जादा खर्च मात्र नाकारण्यात आला, कारण तो म्हणे त्यांच्या निर्धनतेतून उद्भवला! आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना.

पुढे सत्तर वर्षांनी, २००३ मध्ये, मोटार अपघाताच्या एका दाव्यात त्याच हाऊस ऑफ लॉर्ड्सने हा नियम सोडला. रोख भाडे परवडत नसल्याने उधारीवर गाडी घेणाऱ्यास तो वाढीव खर्च मिळाला.

भरपाईचा हेतू पूर्वस्थिती प्राप्त करून देणे हा असेल, तर ज्याची हानी झाली त्याची ऐपत हा त्याचा अपराध ठरता कामा नये.