दगडावरची 'पाने' ओळखू या

गोड्या मसाल्यातले दगडफूल तुम्ही पाहिलेच असेल. ते फूल नव्हे, पानही नव्हे. तो आहे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवल यांची भागीदारी. बुरशी आसरा देते, शैवल सूर्यप्रकाशात अन्न बनवते. शास्त्रीय नाव मात्र बुरशीचेच!

खडकावरचा शैवाक दिसला की आधी त्याची कड नखाने हलकेच उचलून पाहा. अजिबात सुटत नाही? तो खपलीसारखा. झुडपासारखा उभा आहे? तो तिसरा प्रकार. कड सुटली, वर-खाली दोन वेगळ्या बाजू दिसल्या, तर तो पर्णसदृश.

आता भिंग घ्या. वरचा रंग कोणता? खालची बाजू काळी की फिकट? तिथे मुळांसारखे तंतू आहेत का? ते फक्त दगडाला धरून ठेवतात. वर इवल्या वाट्या आहेत की भुकटी? वाटीतून केवळ बुरशीचे बीजाणू उडतात. भुकटीतून दोन्ही भागीदार एकत्र प्रवासाला निघतात.

तरीही दोन जाती अगदी सारख्या दिसतात. तेव्हा रसायन मदतीला येते. १८६६ मध्ये नायलँडर यांनी पोटॅशियम हायड्रॉक्साइड व ब्लीचिंग पावडर वापरून पाहिली. द्रावणाच्या थेंबाने कुठे पिवळा, कुठे लाल रंग उमटतो, कुठे काहीच नाही. काही शैवाक अतिनील दिव्याखाली चमकतातही. हे प्रयोग मात्र शिक्षकांसमोरच करावेत.

एक लक्षात ठेवा. असा शैवाक वर्षाला बहुधा काही मिलिमीटरच वाढतो. तळहाताएवढा शैवाक तुमच्याहून वयाने मोठा असू शकेल. म्हणून तो खरवडू नका. पाहा, चित्र काढा, नोंद करा.