विश्लेषण : चांदोलीच्या जंगलात तंबू का ठोकता येत नाही?

बोत्स्वानातील ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशात पर्यटक मार्गदर्शकासह जंगलातच तंबू ठोकून राहतात. मग सांगली-साताऱ्यातील सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हे का चालत नाही? चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये हा प्रकल्प झाला. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात रात्रीच्या पर्यटनाला मनाई असते. त्यामुळे जीप सफारी दिवसाच होते, मुक्काम जंगलाबाहेर करावा लागतो. येथे वाघ मोजकेच आहेत. २०१८ मध्ये कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, तर २०२५ मध्ये ताडोबातून वाघीण आणण्यात आली. ती येथे रुळायची तर रात्रीची शांतता हवी. या जंगलासाठी अनेक गावे उठली. त्यांच्या पडीक शेतांत आज गवे चरतात. गावकऱ्यांनी घरे सोडून दिलेली ही शांतता पर्यटकांनीही जपायची आहे.