सायरॅक गणकयंत्र व त्याचे जतन

जुन्या गणकयंत्राचे जतन करणे म्हणजे नेमके कशाचे जतन करणे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. नाणे किंवा मूर्ती आहे त्या अवस्थेत सुरक्षित ठेवली की तिचे बहुतेक मोल राखले जाते. गणकयंत्राचे मोल मात्र ते चालत असताना जे करीत असे त्यात असते, आणि ते कपाटात ठेवता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संग्रहालयात जतन केलेले ‘सायरॅक’ हे यंत्र या दृष्टीने उद्बोधक आहे. ट्रेव्हर पिअर्सी व मॅस्टन बिअर्ड यांनी ते सिडनी येथे सिद्ध केले व १९४९ च्या नोव्हेंबरात त्यावर पहिली आज्ञावली चालली. १९५५ मध्ये ते मेलबर्न विद्यापीठात आले आणि १९६४ मध्ये थांबले. पहिल्या पिढीच्या गणकयंत्रांपैकी जवळजवळ अखंड उरलेले हे सर्वांत जुने यंत्र होय.

त्यात सुमारे २,००० निर्वात नळ्या आहेत. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नलिकांची होती. आकडे ध्वनितरंगांच्या रूपाने नलिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात, तेथे त्यांचे पुन्हा विद्युत्स्पंद होत व ते परत आरंभी सोडले जात. हवा असलेला आकडा बाहेर येईपर्यंत यंत्राला थांबावे लागे.

इंग्लंडमधील १९५१ चे ‘हार्वेल डेकाट्रॉन’ हे यंत्र ब्लेचली पार्क येथे दुरुस्त होऊन २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाले. सायरॅक तसे चालवावयाचे तर त्याचे इतके भाग बदलावे लागतील की उरेल ते मूळ यंत्र म्हणवणार नाही. म्हणून ते मूकच ठेवले आहे, आणि हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

परंतु हे यंत्र एकेकाळी गातही असे. कामाची प्रगती कानाला कळावी म्हणून त्याला ध्वनिक्षेपक जोडलेला होता. जेफ हिल यांनी त्याच्याकडे मोजून स्पंद पाठवून सूर काढले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये सिडनीतील परिषदेत ‘कर्नल बोगी’ ही चाल जाहीरपणे वाजली. तिचे ध्वनिमुद्रण कोणी केले नाही.

टिकल्या त्या छिद्रांकित कागदी फिती. पॉल डॉर्नबुश यांनी त्यांवरील आज्ञावल्या सायरॅकचे अनुकरण करणाऱ्या नव्या आज्ञावलीवर चालविल्या. तेवढ्याने भागले नाही. स्पंदाचा आकार कळावा म्हणून नळ्यांचे मंडल पुन्हा उभारावे लागले. कारण सूर फितीत जितका होता तितकाच विद्युत्मंडलातही होता. आराखडे नष्ट झाले असते, तर फितींचा उपयोग अर्धाच राहिला असता.

या पुनर्निर्मितीत काही स्वर किंचित ढळलेले ऐकू येतात. तो पुनर्निर्मितीचा दोष नव्हे. पाऱ्याच्या स्मृतीची गती त्या स्वरांशी जुळत नव्हती, आणि आज्ञावली रचणाऱ्यास त्यातल्या त्यात जवळचे अंतर पत्करावे लागत होते.