घरच्या घरी गाडीदुरुस्ती, भाग ७ : जाम झालेला बोल्ट

लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते. गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि बोल्ट व नट यांच्या आट्यांमधल्या अरुंद फटीत दाटून बसतो. कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे हे लवकर घडते. ॲल्युमिनियमच्या भागात बसवलेल्या पोलादी बोल्टची अडचण निराळी: ओल शिरली की या दोन धातूंची विद्युतघटासारखी जोडी जमते, ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आटे धरून ठेवते. सायलेन्सरच्या बाजूचे बोल्ट रोज तापून निवत असल्याने सर्वांत हट्टी असतात.

बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो. बाकी सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. सोडवताना झुंज असते ती याच घर्षणाशी, त्यात गंजाची भर पडलेली. नुसता जोर वाढवला की पिळला जातो तो बोल्टचा दांडा. ६ किंवा ८ मिलिमीटरचा बोल्ट लांब पान्याखाली सहज तुटतो, आणि पाच मिनिटांचे काम दिवसभराचे होऊन बसते.

सुरुवात वायर ब्रशने करावी. बाहेर दिसणाऱ्या आट्यांवरचा गंज आणि माती निघाल्याशिवाय तेल आत जात नाही, आणि तोच गंज नट सुटताना त्याच्या वाटेत येतो. तेलही पातळ हवे; इंजिन ऑइल दाट असल्याने फटीत उतरत नाही. घरोघरी असणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला. किरकोळ अडकलेल्या बोल्टला तो पुरतो. खरोखर जाम झालेल्यासाठी खास गंज सोडवणारे पेनिट्रेटिंग ऑइल घ्यावे. तेल लावून लगेच पाना लावणे व्यर्थ आहे. आदल्या संध्याकाळी लावावे, रात्री पुन्हा एकदा द्यावे आणि काम सकाळी करावे. प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार-पाच सरळ ठोके घालावेत. त्या हादऱ्याने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

पाना सहा कोनी गोटीचाच असावा. बारा कोनी गोटी किंवा फिक्स पाना डोक्याच्या कोपऱ्यांवरच जोर देतो, आणि कोपरे एकदा गोल झाले की पकड गेली. गोटी डोक्यावर पूर्ण बसली आहे हे पाहून आधी बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा, मग सोडवण्याच्या दिशेने.

इथून पुढे हाताला काय जाणवते याकडे लक्ष द्यावे. सुटणारा बोल्ट ‘कट्’ असा कोरडा आवाज करतो आणि थोडा सरकून पुन्हा घट्ट लागतो. हे शुभलक्षण आहे. याउलट पाना मऊपणे फिरतो आहे, पण सोडताच मागे येतो असे वाटले, तर आटे जागचे हललेले नाहीत, दांडा पिळला जातो आहे. तिथेच थांबावे. बोल्ट सरकू लागला तरी एका दमात बाहेर काढू नये. पाव फेरा सोडवायचा, अर्धा पाव परत आवळायचा, तेल द्यायचे, पुन्हा सोडवायचे. मागे-पुढे केल्याने गंजाचा चुरा आट्यांत अडकून बसत नाही.

तेलाने भागले नाही तर उष्णता. तापवायचा तो नट किंवा बोल्टभोवतीचा भाग, म्हणजे भोक रुंदावते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्याने तिथे थोडी आचही पुरते. मात्र लावलेले पेनिट्रेटिंग ऑइल पेट घेते, म्हणून ते आधी पुसून घ्यावे. पेट्रोलची नळी, ब्रेकची रबरी नळी, रबरी बुश, बेअरिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्याजवळ ज्योत नेऊच नये. फवाऱ्याचा ब्रेक क्लीनर वापरला असेल तर तो पूर्ण सुकल्यावरच आच द्यावी. क्लोरिनयुक्त क्लीनर तापल्यास प्राणघातक वायू तयार होतो. गाडीखाली शिरायचे असेल तर ती स्टँडवर टेकवलेली हवी, नुसत्या जॅकवर नव्हे, कारण पान्याला दिलेला हिसका गाडीलाही बसतो.

एवढे करूनही डोके तुटलेच आणि थोडा दांडा बाहेर असेल, तर लॉकिंग प्लायरने पकडून फिरवावा. आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंचची खूण करून ड्रिल करावे लागते. ब्रेक कॅलिपर किंवा इंजिन हेडमध्ये असे झाल्यास काम गॅरेजकडे सोपवावे. ब्रेकमधली हवा काढण्याचा निपल पोकळ असल्याने फार लवकर तुटतो. त्याला पहिल्यापासूनच अतिशय जपून हात लावावा.

निघालेला गंजका बोल्ट परत वापरू नये. नवा त्याच आट्यांचा आणि त्याच दर्जाचा घ्यावा, डोक्यावर ८.८ असेल तर ८.८ किंवा त्याहून वरचा. सायलेन्सरच्या बोल्टच्या आट्यांना तांब्याचे ग्रीस लावल्यास पुढच्या वेळी ते सुखाने सुटतात. चाकांचे नट मात्र कंपनीने सांगितल्याशिवाय ग्रीस न लावता कोरडेच बसवावेत: त्यांचा ठरवलेला टॉर्क सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो, आणि ग्रीस असताना तेवढाच टॉर्क दिला तर चाकाचा स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो.