सहेरीच्या ताटातली गोळी

रमजानच्या दिवसांत संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या बोरीवली लोकलमध्ये एक दृश्य हमखास दिसते. मगरिबच्या नमाजची, म्हणजे सूर्यास्ताची वेळ झाली की गर्दीत उभा असलेला एखादा रोजेदार पिशवीतून खजुराची पुडी काढतो. शेजारचा सहप्रवासी न सांगता थोडा सरकून जागा करून देतो. कुणी पाण्याची बाटली पुढे करतो, तर कुणी खजूर हसून स्वीकारतो. एक खजूर, दोन घोट पाणी आणि रोजा सुटला. पण अनेकदा त्या पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट पोटात जाते. दुपारपासून ठणकणाऱ्या डोक्यासाठी खिशात ठेवलेली वेदनाशामक गोळी!

ही गोळी काही एकट्या रोजेदाराची नाही. बोरीवली ते चर्चगेट हे सुमारे चौतीस किलोमीटरचे अंतर रोज दोन वेळा उभ्याने कापणाऱ्यांची कंबर, चाळीतले जिने चढणाऱ्या आजींचे गुडघे, तासन्‌तास संगणकासमोर बसणाऱ्यांची मान, या सगळ्यांचा इलाज नाक्यावरच्या मेडिकलमध्ये शोधला जातो. ‘अंगदुखीवर काहीतरी द्या’ एवढे म्हटले की पट्टी हातात पडते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक यांसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे ग्राहक आणि दुकानदार दोघांनाही ठाऊक असते.

गोळी नेमके काय करते?

शरीराला इजा झाली की पेशी ‘प्रोस्टाग्लँडिन’ नावाची रसायने तयार करतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि वेदना जाणवते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे या रसायनांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. या कामासाठी १९८२ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही सारी याच कुळातली.

अडचण अशी की, हीच रसायने शरीरात चांगली कामेही करतात. जठराच्या आतल्या अस्तराचे ती आम्लापासून रक्षण करतात. शरीरात पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळी वेदनेचे रसायन थांबवते, तेव्हा हे राखणदारही झोपी जातात.

रोजाच्या दिवसांत म्हणूनच अधिक सावध राहावे लागते. रोजात गोळी घेता येत नाही, मग काही जण पहाटे सहेरीला एकदम दोन गोळ्या घेऊन दिवसाची बेगमी करतात. त्यानंतर सुमारे तेरा तास पाण्याचा थेंब नाही. त्यात मुंबईची दमट हवा आणि घाम. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडाचा आधार नेमका त्याच वेळी काढून घेतला जातो. निर्जळी एकादशी करणाऱ्यांना, पर्युषणात उपवास करणाऱ्या जैन बांधवांनाही हेच लागू पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारे औषध चालू असताना वेदनाशामक गोळी घेतली, तर मूत्रपिंडावरचा ताण फार वाढतो. मधुमेही आणि वृद्ध यांना हा धोका आणखी जास्त.

गिधाडांनी दिलेला इशारा

मूत्रपिंडावरच्या या परिणामाची सर्वांत दारुण कहाणी माणसाची नाही, पक्ष्याची आहे. मुंबईच्या आकाशात एकेकाळी गिधाडे सहज दिसत. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचा अंत्यविधी त्यांच्यावरच अवलंबून होता. १९९० च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे शास्त्रज्ञ या घटीचा माग काढत होते.

२००४ मध्ये कारण स्पष्ट झाले. दुखऱ्या गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होत होती. मेलेल्या गिधाडांच्या आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचा खडूसारखा पांढरा थर सापडे. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनच्या बाटलीचा आकार तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करावा लागला.

गिधाडाचे शरीर या औषधापुढे फारच दुबळे. माणसाचे तसे नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, थोडे दिवस घेतलेली गोळी बहुतेकांना अपाय करत नाही. पण बोरीवलीत नॅशनल पार्ककडे तोंड करून फिरायला निघालेल्या, गुडघ्यासाठी रोज सकाळी तीच गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या माणसाने ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. मूत्रपिंड तक्रार फार उशिरा करते.

धोक्याच्या इतर खुणा

जठरातला रक्तस्राव पुष्कळदा न दुखता सुरू होतो. डांबरासारखे काळे शौच, अचानक थकवा, चक्कर ही त्याची लक्षणे. ‘गोळी जेवणानंतर घेतली, आता काही होत नाही’ हा समजही अर्धवटच. औषध रक्तात मिसळून जठराचे कवच कमी करते, त्यामुळे भरल्या पोटाने धोका संपत नाही.

हृदयाचेही तसेच. रोफेकॉक्सिब हे नावाजलेले वेदनाशामक हृदयविकार व पक्षाघाताचा धोका दिसल्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. भारतात २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यास बंदी आहे. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत इंडियन फार्माकोपिया कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला. या औषधाने क्वचित प्रसंगी ताप, अंगावर पुरळ आणि अवयवांना सूज आणणारी गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात एसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळीही होती.

पॅरासिटामॉल या कुळातले नाही. पोट आणि मूत्रपिंडाला ते त्यामानाने सौम्य, पण जास्त झाले तर यकृताला घातक. निरोगी प्रौढाने दिवसभरात चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या. दारू पिणारे, यकृताचे रुग्ण, कमी वजनाचे लोक यांची मर्यादा याहून कमी. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. न कळत दुप्पट मात्रा पोटात जाते ती अशी.

स्वयंपाकघरात काय आहे?

रोजातली डोकेदुखी बहुधा तीन कारणांनी होते. पाणी कमी, झोप कमी आणि सकाळचा चहा बंद. दिवसाला चार-पाच कप चहा पिणाऱ्याने रमजानच्या आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत आणावा. इफ्तार ते सहेरी या वेळात थोडे थोडे पाणी पीत राहावे. सहेरीला एकदम लिटरभर प्यायलेले पाणी लघवीवाटे निघून जाते. इफ्तारला खजूर उत्तमच. त्यातून साखर, पोटॅशियम आणि तंतू मिळतात. मधुमेहींनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. ताक, कोकम सरबत, सब्जा घातलेले लिंबूपाणी घामातून गेलेले पाणी भरून काढतात. भजी-समोशाचे ताट दुसऱ्या दिवशीची तहान वाढवते. सहेरीला नाचणीची भाकरी किंवा आंबील, अंडी, दही, उसळ असे सावकाश पचणारे अन्न घ्यावे.

पाळीच्या दुखण्यात गरम पाण्याच्या पिशवीने आराम पडतो. आल्याचा उपयोग होतो, असे काही अभ्यासांतही दिसले आहे. हळदीतल्या कर्क्युमिनमुळे गुडघेदुखी थोडी कमी झाल्याचे छोटे अभ्यास आहेत. रोजच्या जेवणातली हळद निर्धोक. बाजारातल्या तीव्र मात्रेच्या कॅप्सूलनी मात्र काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ‘नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेची हमी नव्हे. लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे.

कायमच्या अंगदुखीमागे ड जीवनसत्त्वाची कमतरताही असते. इमारतींच्या सावलीत राहणाऱ्या, ऊन न मिळणाऱ्या मुंबईकरात ती सर्रास दिसते. शाकाहारी घरांत बी-१२ कमी पडते, त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो. यावर उपाय वेदनाशामक नव्हे. रक्ततपासणी करून घेणे हा आहे.

गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे याला पर्याय नाही. दुखऱ्या जागी लावायचे मलम हाही चांगला मार्ग आहे. मलमातले औषध गोळीच्या तुलनेत फार थोडे रक्तात जाते. त्वचेवर लावल्याने रोजाही तुटत नाही.

सवलत हाही धर्मच

आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सूट कुरआनानेच दिली आहे. सुटलेले रोजे बरे झाल्यावर पूर्ण करता येतात. कायमचा आजार असेल, तर प्रत्येक रोजाऐवजी एका गरजूला जेवू घालण्याची, म्हणजे फिदयाची तरतूद आहे. तरावीहच्या लांबलचक नमाजीत गुडघे साथ देत नसतील, तर खुर्चीवर बसून नमाज पढता येते. तरीही ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने अनेक वडीलधारी माणसे गोळीच्या जोरावर उभी राहतात. घरातल्या मुला-सुनांनी त्यांना खुर्ची द्यावी, पाणी द्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

छातीत दुखणे, अचानक आलेली असह्य डोकेदुखी, तापासह आखडलेली मान, लघवी कमी होणे अशा वेळी ना गोळी, ना घरगुती उपाय. थेट रुग्णालय गाठावे आणि रोजा सोडावा. एखाद्या औषधाचा त्रास झाला, तर १८००-१८०-३०२४ या औषधदक्षता कार्यक्रमाच्या निःशुल्क क्रमांकावर तो कळवता येतो.

रोजा शरीराची परीक्षा घेतो, शरीराचा छळ करत नाही. दुखणे म्हणजे शरीराने दिलेली हाक असते. तिला गप्प करण्याआधी ते काय सांगते आहे, एवढे ऐकून घ्यावे. पुष्कळदा ते फक्त पाणी मागत असते.